साठातली सतरावी

"आधी हात धुऊन या," दस्तगीरभाई म्हणाले, "मग हातात देतो."

मी मागच्या नळावर हात धुतले, रुमालाने बोटं एकेक करून कोरडी केली आणि काउंटरपाशी आलो. मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत दस्तगीर मुजावरांचं दुकान होतं. बाहेर बोर्डावर 'रेडिओ दुरुस्ती' लिहिलेलं, कारण नुसत्या रेकॉर्डी विकून घर चालत नाही हे त्यांना कळत होतं. आत मात्र भिंतभर रेकॉर्डी. सांगली, इचलकरंजी, बेळगावपर्यंतची आमच्यासारखी माणसं तिथे यायची आणि भाजी निवडावी तशी तासन्‌तास रेकॉर्डी निवडायची. फरक एवढाच, की भाजी घरी नेल्यावर शिजवतात.

त्यांनी काउंटरखालून एक चौकोनी पाकीट काढलं. अंबुताई कागवाडकरांचं गाणं. या बाई आयुष्यभर एकाही कंपनीसाठी गायल्या नाहीत. १९६८ साली मिरजेत एका वकिलांच्या बंगल्यावर त्यांची सकाळची बैठक झाली होती, वकिलांनी ती टेपवर उतरवून ठेवली होती, आणि आता वकिलांच्या नातवाने परदेशात त्या टेपच्या रेकॉर्डी काढून घेतल्या होत्या. फक्त साठ. प्रत्येक कव्हरवर मागे शाईने आकडा. एकसष्टावी कधी निघणार नव्हती. दस्तगीरभाईंच्या वाट्याला चार आल्या होत्या आणि चारही आधीच ठरलेल्या. एक सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांची, एक इचलकरंजीच्या सूतगिरणीवाल्यांची, एक बेळगावच्या एका प्राध्यापकबाईंची आणि ही, सतरा नंबरची, भूपाल चौगुलेची.

माझी नव्हती. यादी होत होती तेव्हा मी याच काउंटरला टेकून, जुन्या टेपच्या नव्या रेकॉर्डी घेणं म्हणजे प्लॅस्टिकच्या तुळशीला पाणी घालणं, असं व्याख्यान दिलं होतं. साठच आहेत हे नंतर समजलं. तेव्हा माझं मत बदललं. मत बदलण्यात मी कधी कमीपणा मानलेला नाही, पण तोवर यादी भरली होती.

"चौगुले सरांना आजच पोचवा," दस्तगीरभाई म्हणाले. "दवाखान्यातून तीनदा निरोप आलाय. मीच गेलो असतो, पण हा गुडघा जिने चढू देत नाही बघा."

"मी तिकडेच निघालोय," मी म्हणालो. ते खरं होतं. त्या दिवसातलं शेवटचं.

भूपाल सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. या सगळ्याच्या बावीस वर्षं आधी आमची ओळख याच दुकानात झाली. एकाच रेकॉर्डवर दोघांचा हात पडला होता. त्याने सोडली, मी घेतली, आणि आमची मैत्री झाली. त्याच्याकडे सगळ्या मिळून नव्वद-एक रेकॉर्डी असतील, त्याही वाजवून वाजवून पार झिजलेल्या. माझ्याकडे अकराशे बारा. मी पाटबंधारे खात्यात होतो, त्यामुळे साठा करून ठेवणं आणि खाली न सोडणं हे अंगात मुरलेलं. आठशेंवर रेकॉर्डींचं वरचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं. वाजवली की सुई फिरते, सुई फिरली की रेकॉर्ड झिजते. खरा शौकीन गाणं कव्हरवर वाचतो.

भूपालला हे पटायचं नाही. "शरद, तू लोणच्याची बरणी नुसती बघतोस रे," असं एकदा म्हणाला होता.

दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सुनंदा वहिनी बसल्या होत्या. मांडीवर न उघडलेला डबा. भूपालचं पित्ताशयाचं साधं ऑपरेशन झालं होतं, पण आत पू झाला आणि विष रक्तात गेलं. आठ दिवस चाललं होतं.

"काय म्हणतात डॉक्टर?"

"उद्या सकाळपर्यंत काय ते कळेल म्हणाले." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "भाऊजी, ती दस्तगीरभाईंची रेकॉर्ड आली का हो? जरा शुद्धीवर आले की तेच विचारतात. देवाचं नाव घेत नाहीत, तेच विचारतात."

रेकॉर्ड माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत होती. आत काय आहे हे कुणालाही ओळखता यावं इतकी चौकोनी पिशवी. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मी काय विचार केला ते सांगतो. भूपाल जाणार. तो गेल्यावर ही रेकॉर्ड घरात कुठेतरी पडून राहणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर कुणीतरी सांडगे वाळत घालणार. साठातली एक. अशा वस्तूचं रक्षण करणं हे कुणाचं तरी काम आहे. ते काम माझ्यावर येऊन पडलं याचं मला त्या क्षणी खरोखर ओझं वाटलं होतं.

"नाही आली," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर उद्या पुन्हा विचारणं झालं असतं. म्हणून पुढे म्हणालो, "दस्तगीरभाईंनी दुसऱ्याला देऊन टाकली. चारही संपल्या."

वहिनींनी डबा बाजूला ठेवला. "आत जाऊन तुम्हीच सांगा. माझ्याच्याने व्हायचं नाही."

हिरवा झगा घालून आत गेलो. भूपालच्या नाकात नळी होती, दोन्ही हातांना सुया. डोळे मात्र उघडे. पिशवी मी बाहेर बाकावर वहिनींशेजारी ठेवून आलो होतो. मी वाकून सांगितलं.

त्याने नजर छताकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यांनी शब्द दिला होता."

"शेवटी व्यापारी रे," मी म्हणालो. "बरा हो, दुसरी मिळवू कुठून तरी."

"दुसरी नाहीये," भूपाल म्हणाला. "आणि एवढा वेळही नाहीये."

मी त्याचा हात थोपटला. जाणारा माणूस असंच बोलणार, असं मला वाटलं. बाहेर येऊन पिशवी उचलली. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून धीर आहे बघा." मी घरी आलो आणि रेकॉर्ड कपाटात, थंडीतल्या रजयांच्या मागे ठेवली. प्लॅस्टिक अर्थातच फाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, की ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्याला साध्या खोलीत हलवलं. पाचव्या दिवशी तो पेज प्यायला. भूपालने माझा असा विश्वासघात बावीस वर्षांत केला नव्हता. मी त्याच्यासाठी दोन भाषणंही मनात तयार करून ठेवली होती, एक स्मशानातलं आणि एक शाळेतल्या शोकसभेतलं.

त्या वेळीही सगळं निस्तरता आलं असतं. 'अरे, सापडली बघ,' म्हणून नेऊन देता आली असती. रोज सकाळी मी तसं ठरवायचो. पण मग रजया बाजूला सारून ती बाहेर काढली, मागचा शाईतला सतराचा आकडा पाहिला, की वाटायचं, उद्या देऊ. माझ्या बायकोने, कुमुदने, एकदा मला तसं उभं पाहिलं.

"ही इथे का?"

"बाहेर उन्हाने वाकते."

"बाकीच्या अकराशे वाकत नाहीत वाटतं," ती म्हणाली आणि रजयांची घडी नीट करून गेली.

महिन्याभराने भूपाल घरी आला. दस्तगीरभाईंच्या दुकानाचं नाव काढेना. पण माणूस हाडाचा मास्तर. एक दिवस त्याने दोन पानी पत्र लिहून, पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. "त्यांना दे. तोंडाने बोललो तर वाईट बोलेन." सांगली-मिरज सिटी बसमध्ये मी ते उघडून वाचलं. एकही कडू शब्द नव्हता. 'आपण दिलेला शब्द मोडण्यामागे काही अडचण असणार. ती समजली तर मनातून किल्मिष जाईल,' असं शेवटी लिहिलं होतं. फार चांगलं पत्र होतं. मी ते पाटबंधाऱ्याच्या जुन्या कागदपत्रांच्या फायलीत लावून टाकलं.

तिकडे दुकानात गेलो की दस्तगीरभाई पहिला प्रश्न विचारायचे, "सरांना आवडली का?"

"आवडली म्हणजे? रोज ऐकतात."

"मग एकदा फोन तरी करू का?"

"डॉक्टरांनी फोनवर बोलायला मनाई केलीय."

"असू दे. सलाम सांगा माझा."

इकडे येऊन भूपालला सांगायचं, की दस्तगीरभाईंनी पत्र वाचलं, घडी घालून गल्ल्यात टाकलं आणि 'बघू' म्हणाले. दोन भल्या माणसांमध्ये अशी निरोपांची ये-जा मी अडीच महिने चालवली. एकाच्या तोंडी दुसऱ्यासाठी काय घालायचं हे बसमध्ये ठरवायचो. त्या वयात मला नवीन कला सापडली होती.

या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती आणि मी तिचा अर्थ सोयीचा लावत होतो. भूपाल बोललेलं पुन्हा विचारायचा. 'काय म्हणालास?' असं करत चेहरा पुढे आणायचा. मला वाटलं, अशक्तपणा. मग तो उत्तरच देईनासा झाला. मला वाटलं, याला कळलं. हा मला शिक्षा करतोय. आठ दिवस मी घाबरून गेलोच नाही. नवव्या दिवशी गेलो तर दिवाणखान्यात टेबलावर लाकडी चौकटीची पाटी आणि पेन्सिल ठेवलेली. शाळेतल्या मुलांची असते तसली.

"त्यांना आता लिहून दाखवावं लागतं," वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. "कान गेले. उजवा आधी, मग डावाही."

"असे कसे गेले?"

"इंजेक्शनांनी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जीव वाचवायचा तर हे द्यावं लागेल, पण कान जायची भीती आहे. एकदम नाही, हळूहळू, दोन-तीन महिन्यांत. त्यांनी स्वतः सही केली." त्यांनी पदराला हात पुसले. "म्हणून तर त्या रेकॉर्डचा ध्यास घेतला होता हो. कान आहेत तोवर एकदा ऐकायची होती. मी म्हटलं भाऊजींना सांगूया, ते कुणाकडून तरी मागून आणतील. तर म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो जिवाला लावून घेईल."

भूपाल खुर्चीत बसून आमचे ओठ बघत होता. "काय सांगतेय ही?" तो म्हणाला. आवाज जरा मोठा, बिनचढउताराचा.

मी पाटीवर लिहिलं, 'कानाचं कळलं.' दुसरं काही लिहायला शुद्धलेखन आठवेना.

"होतं असं," भूपाल म्हणाला. "बस. चहा घेऊन जा."

मी चहा घेतला. त्यानंतर दर रविवारी सकाळी जाऊ लागलो. पाटी माझ्याकडे असायची. घरी आलेलं माणूस काय बोलतं ते भूपालला लिहून दाखवायचं काम मी अंगावर घेतलं. अक्षर माझं चांगलं आहे. वहिनी लोकांना सांगायच्या, "भाऊजींसारखा मित्र मिळायला नशीब लागतं."

नोव्हेंबरातला एक रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. फाटक वाजलं आणि काठी टेकत, एकेक पायरीवर थांबत दस्तगीरभाई वर आले. काखेत मोठं पाकीट. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि तसाच राहिलो.

"आदाब, सर," ते दारातूनच म्हणाले. "रेकॉर्डबरोबर हे पुस्तक यायचं होतं, छपाईत अडकलं. म्हटलं, साहेबांच्या हाती पाठवण्यापेक्षा या निमित्ताने स्वतःच जाऊन यावं. सर रोज ऐकतात, रोज ऐकतात असं हे सांगतात, पण एकदा डोळ्यांनी बघितलं नव्हतं."

भूपालने त्यांना पाहिलं. हात जोडले, पण उठला नाही. "बसा," म्हणाला आणि कानाकडे बोट करून मान हलवली.

दस्तगीरभाईंना समजेना. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"ऐकू येत नाही त्यांना," वहिनी कोरड्या आवाजात म्हणाल्या. "महिना होऊन गेला."

"ऐकू येत नाही?" दस्तगीरभाई काठीवर भार देऊन उभेच राहिले. "मग रेकॉर्ड रोज ऐकतात ते?"

"कुठली रेकॉर्ड ऐकणार? तुम्ही तर दुसऱ्याला देऊन टाकलीत."

"मी?" त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "वहिनी, कुराणाची शपथ घेत नाही, एवढ्यासाठी घेऊ नये. पण ऑगस्टमध्ये, सर दवाखान्यात असताना, मी ती या उपळेकरसाहेबांच्या हातात दिली. हात धुवायला लावून दिली."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. दस्तगीरभाईंनीही. भूपाल या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

"काय म्हणतात ते?" त्याने विचारलं. आणि पाटी माझ्या हातात होती, म्हणून माझ्याकडे वळला. "शरद, लिही की."

मी पेन्सिल टेकवली. 'दस्तगीरभाई झाल्या गोष्टीची माफी मागताहेत,' हे वाक्य तयार होतं. एवढं लिहिलं की भूपालने मोठ्या मनाने माफ केलं असतं, दस्तगीरभाईंना मी बाहेर नेऊन काहीतरी समजावलं असतं आणि वहिनींचं पुढे बघता आलं असतं. 'दस्त' इथपर्यंत लिहून झालंही होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

मी तळहाताने ते पुसलं आणि लिहिलं, 'रेकॉर्ड माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून.' समोर दोन साक्षीदार उभे होते तेव्हा मी खरं बोललो, हेही सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणी कौतुक करायला नको.

भूपालने पाटी हातात घेतली. चष्मा वर करून वाचली, खाली करून वाचली. परीक्षेत भलतंच उत्तर लिहिणाऱ्या मुलाचा पेपर मास्तर ज्या सवडीने बघतो, तसा बघत राहिला. मग पाटी मांडीवर ठेवून दस्तगीरभाईंकडे वळला.

"मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. ते मागे घेतो. माफ करा."

"कसलं पत्र?" दस्तगीरभाई म्हणाले.

हे लिहिण्याची गरज पडली नाही. त्यांचा चेहरा बघून भूपालला कळलं. त्याने पाटी माझ्याकडे परत सरकवली. मी लिहिलं, 'तेही माझ्याकडे आहे.'

दस्तगीरभाई खाली बसले. वहिनी आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. भूपाल खिडकीकडे बघत होता. मग म्हणाला, "जा. घेऊन ये."

मी रिक्षाने घरी गेलो. कपाट उघडून रजया बाजूला केल्या. कुमुद दारात उभी होती.

"कुठे चालली ही?"

"भूपालकडे."

"त्याचीच होती ना?" ती म्हणाली. मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही एवढे वाईट असाल असं काही वाटलं नव्हतं." आणि पिशवी आणून दिली.

परत आलो तेव्हा तिघेही तसेच बसले होते. भूपालने पाकीट घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने प्लॅस्टिक उभं फाडलं. फाडलेलं प्लॅस्टिक मी त्याही वेळी उचलून, घडी घालून खिशात ठेवलं. रेकॉर्ड त्याने स्वतःच्या हाताने लावली, सुई टेकवली आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

"काय येतंय ते लिही."

'तानपुरे,' मी लिहिलं. मग, 'आलाप.' मग, 'राग तोडी.' मग विचार करून, 'ध्वनिमुद्रण १९६८, वजन १८० ग्रॅम.'

भूपालने वाचलं. "हे कव्हरवर आहे. कानाने काय येतंय ते लिही. बाई आत्ता कुठे आहेत? कुठल्या सुरावर थांबल्या?"

मला सांगता येईना. अकराशे बारा रेकॉर्डींचा मालक मी. बाई वर आहेत की खाली आहेत एवढंही ठरवता येईना. दस्तगीरभाईंचे डोळे मिटलेले होते आणि बोटं गुडघ्यावर चालत होती. त्यांनी नकळत पाटीसाठी हात पुढे केला. भूपालने मान हलवली. "नाही. तोच लिहील."

मग त्याने दस्तगीरभाईंनी आणलेलं पुस्तक उघडलं. मधल्या पानावर बैठकीचा फोटो होता. पांढऱ्या लुगड्यातल्या अंबुताई, मागे तानपुरे, समोर माणसं. दाराशी, चपलांच्या कडेला, अंग चोरून बसलेला एक किडकिडीत कॉलेजकुमार. भूपालने त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा मी. सर्दी झाली होती मला. सगळा वेळ खोकला दाबून बसलो होतो. शेवटी शेवटी बाई वरच्या षड्जावर जाऊन थांबल्या. कुणी हलेना. आणि मी खोकलो." त्याने बोट अंबुताईंच्या चेहऱ्याकडे सरकवलं. "त्यांनी गाता गाता माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मी उठून बाहेर पळालो. पायात चपला कुणाच्या घातल्या तेही बघितलं नाही. पुढे काय झालं मला माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली, मला एवढंच ठाऊक नाही, की मी ते गाणं बिघडवलं का. त्या खोलीतला एकही माणूस आता नाही. ही रेकॉर्ड निघतेय म्हटल्यावर वाटलं, चला, निदान ऐकून टाकू."

त्याने पाटी पुसून कोरी केली आणि परत माझ्यापुढे धरली.

"खोकला ऐकू आला की सांग. आणि पुढे काय झालं ते."

पहिली बाजू संपली. खोकला आला नाही. भूपालने सुई मधल्या लेबलपाशी पोचलेली पाहिली, उठून रेकॉर्ड उलटी केली. मी पुढे वाकून बसलो. मला एका खोकल्याची वाट बघायची होती, पण तो कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे मधलं सगळं ऐकावंच लागलं. तबला सुरू झाला. बाईंचा आवाज पातळ नव्हता, मला कव्हर वाचून उगाच तसा वाटला होता. जाडसर होता, किंचित खरखरीत. एकच ओळ त्या पुन्हापुन्हा घेत होत्या आणि दर वेळी ती वेगळ्या दारातून आत येत होती. मध्ये बाहेर कुठेतरी कावळा ओरडला. कुणीतरी पेला खाली ठेवला. मग त्या हळूहळू वर चढू लागल्या आणि या वेळी त्या वर चढताहेत हे मला कळलं. वर जाऊन त्या थांबल्या. तबलाही जणू मागे सरला. आणि दाराच्या बाजूने, लांबून, एक कोरडा खोकला आला.

माझ्या हातातली पेन्सिल पाटीवर करकरली. मी लिहिलं नाही, ऐकत राहिलो. सूर हलला नव्हता. तिथेच होता. मग घाईघाईच्या पावलांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी दटावल्याचा आवाज. आणि त्या सुरावरून उतरण्याआधी बाई हसल्या. अगदी थोडं, नाकातून, घरातल्या माणसाने ठेचकाळून पेला पाडला तर हसावं तसं. हसल्या आणि ती जागा पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा सावकाश, जशी काही बाहेर पळालेल्या माणसाला ऐकू जावी म्हणून. समोरून दोघं-तिघं एकदम 'वा' म्हणाले.

मी लिहिलं, 'खोकलास. सूर हलला नाही. बाई हसल्या. ती जागा पुन्हा घेतली. तुझ्यासाठी घेतली असं वाटतं.'

पाटी भूपालच्या हातात दिली. त्याने सावकाश वाचली. 'हसल्या' या शब्दाखाली बोट ठेवलं. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. मान वळवून दस्तगीरभाईंकडे पाहिलं.

"खरं?" त्याने विचारलं.

दस्तगीरभाईंनी डोळे उघडले, पुसले आणि दोनदा मान डोलावली.

तेव्हा कुठे भूपालचा चेहरा सैल झाला. तो मागे टेकला आणि फोटोतल्या त्या किडकिडीत पोराकडे बघून हसला.

याला बारा वर्षं झाली. भूपालने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. दस्तगीरभाई अजूनही मला साहेबच म्हणतात, फक्त कुणाचं सामान माझ्या हाती देत नाहीत. माझ्याकडच्या रेकॉर्डी मी आता उघडतो, वाजवतो, बऱ्याच झिजल्या. दर रविवारी भूपालकडे जातो, वहिनी चहा देतात, आणि पाटी अजून माझ्याकडेच असते. मी लिहितो. भूपाल नीट वाचतो आणि मग खोलीत दुसरं कोण आहे ते बघतो. कुणी नसलं, की पाटी तशीच मांडीवर ठेवतो आणि वहिनी बाजारातून येईपर्यंत थांबतो.